‘ओ’ दिसणारे पण ‘ओ’ नसलेले रक्त: मुंबईतील 1952 सालचे एक प्रकरण

परिस्थिती

1952 सालच्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या लंडनहून निघणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचे एक टिपण छापून आले. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांच्याबरोबर त्यावर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील चार संशोधकांची नावे होती: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. टिपणाचा विषय होता मुंबईतील तीन माणसांचे रक्त. त्यांपैकी एक जण रेल्वेच्या अपघातात जखमी झाला होता आणि दुसऱ्याला भोसकल्याची जखम होती. दोघांनाही रक्त चढवणे भाग होते आणि दोघांच्याही बाबतीत एकच अडचण उभी राहिली होती. नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ दिसत होता, परंतु ‘ओ’ गटाच्या दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) मिसळल्या की त्यांच्या गुठळ्या होत होत्या. दाता बदलला तरी निकाल बदलत नव्हता.

पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या या प्रकाराविषयी मराठी वाचकाने बहुधा ‘दुर्मिळ रक्तगट’ एवढेच ऐकलेले असते, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘तातडीने रक्त हवे’ अशा संदेशांतून ते नाव अधूनमधून त्याच्या नजरेखालून जाते. या लेखात त्याच्या दुर्मिळपणापेक्षा त्यामागच्या यंत्रणेकडे अधिक लक्ष दिले आहे. एखादा पदार्थ प्रतिजन (शरीर ज्याला परका मानून प्रतिकार करते असा पदार्थ) ठरतो की नाही, हे त्या पदार्थाइतकेच तो ज्या शरीरात शिरतो त्या शरीरावर अवलंबून असते. ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे प्रकरण रक्तशास्त्रात सापडणे कठीण आहे. जो पदार्थ जवळजवळ प्रत्येक माणसाच्या तांबड्या पेशीवर असतो आणि म्हणूनच कोणाच्याही प्रतिकारसंस्थेच्या खिजगणतीत नसतो, तोच पदार्थ या तिघांच्या दृष्टीने परका आणि घातक होता.

नळीत काय दिसते

रक्तगट दोन बाजूंनी तपासला जातो. पहिल्या बाजूने रुग्णाच्या तांबड्या पेशी घेऊन त्यांच्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ प्रतिजन आहे का, हे तयार अँटीसेराच्या (तो प्रतिजन असलेल्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या सीरमच्या) साहाय्याने पाहतात. रक्तपेढीत याला फॉरवर्ड ग्रुपिंग म्हणतात. दुसऱ्या बाजूने रुग्णाचे सीरम घेऊन त्यात कोणती प्रतिपिंडे (परक्या प्रतिजनाला चिकटणारी प्रथिने) आहेत, हे ज्ञात गटांच्या पेशी वापरून पाहतात. हे रिव्हर्स ग्रुपिंग. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली व्हिएन्नात मांडलेल्या नियमानुसार या दोन्ही बाजू एकमेकींना पूरक असतात, कारण जो प्रतिजन माणसाच्या स्वतःच्या पेशींवर नसतो त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड त्याच्या सीरममध्ये असते. ‘ए’ गटाच्या माणसात ‘बी’ विरोधी प्रतिपिंडे, ‘बी’ गटाच्या माणसात ‘ए’ विरोधी, ‘ओ’ गटाच्या माणसात दोन्ही आणि ‘एबी’ गटाच्या माणसात एकही नाही, अशी ही व्यवस्था आहे.

प्रत्यक्ष तपासणी दिसायला साधी असते. काचेच्या छोट्या नळीत दोन थेंब सीरम आणि सलाईनमध्ये धुऊन पातळ केलेल्या पेशींचा एक थेंब घालतात, नळी सेंट्रीफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवतात, आणि मग तळाशी बसलेली पेशींची लाल टिकली उजेडासमोर धरून, नळी हलकेच तिरपी करत पाहतात. टिकली सैल होत जाऊन सगळा द्रव एकसारखा तांबूस झाला तर प्रतिक्रिया नाही, असे समजायचे. उलट ती टिकली अख्खीच्या अख्खी तळापासून सुटून नितळ द्रवात एकच घट्ट गोळा म्हणून फिरत राहिली, तर ती सर्वांत जोरदार प्रतिक्रिया आणि तिची नोंद ‘चार अधिक’ अशी होते. या दोन टोकांच्या मधल्या बारीक, वाळूसारख्या दाण्यांचा अर्थ लावताना मात्र तंत्रज्ञाच्या सरावलेल्या नजरेचा कस लागतो.

मुंबईतील या माणसांच्या पेशी ‘ए’ विरोधी सीरमने गोठल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या गुठळ्या झाल्या नाहीत, आणि ‘बी’ विरोधी सीरमनेही नाहीत. येथपर्यंतचा अर्थ सरळ होता: गट ‘ओ’. त्यांच्या सीरमने ‘ए’ गटाच्या आणि ‘बी’ गटाच्या पेशींच्या गुठळ्या केल्या, आणि तेही ‘ओ’ गटाशी सुसंगत होते. विसंगती फक्त एका ठिकाणी होती, ती म्हणजे त्याच सीरमने ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या केल्या. लँडस्टायनरच्या नियमाप्रमाणे ‘ओ’ पेशीवर ‘ए’ नाही आणि ‘बी’ही नाही, म्हणजे सीरमला पकडण्यासारखे तिथे काहीच नको होते. तरीही प्रतिक्रिया होत होती आणि ती क्षीण नव्हती.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ पेशींच्या दोन नळ्या लावून थांबले तर या तिघांपैकी प्रत्येकाचा अहवाल निर्विवादपणे ‘ओ’ असाच निघतो. ‘ओ’ पेशींची तिसरी नळी लावली तरच गडबड उघडी पडते. या नळीला जादा खर्च जवळजवळ नाही, पण घाईच्या कामात सर्वांत आधी काट बसते ती हिलाच, असे माझे मत आहे. कारण दहा हजार वेळा ती नळी काहीच सांगत नाही.

शक्यता आणि त्यांची छाननी

रुग्णाचे सीरम सगळ्याच ‘ओ’ पेशींना गोठवते असे दिसले की चार शक्यता समोर येतात आणि त्या एकेक करून बाजूला सारणे हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिली शक्यता अशी की रुग्णाच्या शरीरात स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत. काही संसर्गांनंतर किंवा रक्ताच्या काही विकारांत थंडीत जोर धरणारी अशी प्रतिपिंडे आढळतात आणि ती समोर येईल त्या पेशीला चिकटतात. याची शहानिशा एका नळीत होते: रुग्णाच्याच पेशी रुग्णाच्याच सीरममध्ये घालून पाहायच्या. स्वतःविरुद्धचे प्रतिपिंड असेल तर ही नळीही गोठते. मुंबईच्या रुग्णांत ती गोठली नाही, म्हणजे सीरम दुसऱ्या सर्वांच्या पेशींवर हल्ला करत होते पण स्वतःच्या पेशींना हात लावत नव्हते. दुसरी शक्यता याच नळीने निकालात निघते. रक्तातील प्रथिनांचे प्रमाण बिघडले तर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचल्या जातात आणि नवख्या नजरेला गुठळ्यांचा भास होतो. पण अशा चळती रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्याही होतात आणि सलाईन घातले की सुटतात.

तिसरी शक्यता अधिक कसोटी पाहणारी आहे. समजा रुग्ण खरोखरच ‘ओ’ गटाचा आहे, परंतु तांबड्या पेशींवर असणाऱ्या इतर शेकडो प्रतिजनांपैकी एखादा जवळजवळ सर्व माणसांत असणारा प्रतिजन त्याच्याकडे जन्मतः नाही, आणि पूर्वी कधी रक्त चढवल्यामुळे किंवा गरोदरपणामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली आहेत. अशाही रुग्णाचे सीरम सर्व ‘ओ’ पेशींशी प्रतिक्रिया देईल आणि स्वतःच्या पेशींशी देणार नाही. फरक पडतो तो प्रतिक्रियेच्या जातीत. अशी संपर्कातून तयार होणारी प्रतिपिंडे बहुधा आयजी-जी या छोट्या रेणूच्या प्रकारची असतात. ती पेशीला चिकटतात, परंतु दोन पेशींमधले अंतर सांधण्याइतका त्यांचा आवाका नसल्याने साध्या सलाईनमध्ये गुठळी होत नाही. ती दिसण्यासाठी 37 अंशांना नळी उबवून नंतर कूम्ब्स सीरम (पेशींना चिकटलेल्या प्रतिपिंडांना एकमेकांशी सांधणारे सीरम) घालावे लागते. मुंबईच्या रुग्णांच्या नळ्या खोलीच्या तपमानाला, सलाईनमध्ये, कोणत्याही मदतीशिवाय गोठत होत्या, आणि त्यावरून संशय आयजी-एम या मोठ्या रेणूच्या जातीच्या, जन्मानंतर आपोआप तयार होणाऱ्या प्रतिपिंडांकडे जात होता.

मग चौथी शक्यता उरते. ‘ओ’ पेशीवर ‘ए’ आणि ‘बी’ नसले तरी आणखी काहीतरी असते, ते सर्वांकडे असते, आणि या माणसांकडे ते नाही. या शक्यतेला पुष्टी देणारा पुरावा असा की या माणसांच्या पेशी एकमेकांच्या सीरममध्ये गोठत नव्हत्या. साऱ्या शहराच्या रक्ताशी न जुळणारे त्यांचे रक्त एकमेकांशी मात्र जुळत होते. नमुने लंडनला गेले आणि तेथे ‘एच’ नावाच्या प्रतिजनाविरुद्धच्या सीरमने तपासल्यावर त्यांच्या पेशींनी त्यालाही दाद दिली नाही. ‘ओ’ पेशी या सीरमने सर्वांत जोरात गोठतात. मुंबईच्या पेशी गोठल्याच नाहीत. आज हीच परीक्षा युलेक्स युरोपियस या युरोपातील काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेल्या लेक्टिनने (विशिष्ट शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) कोणत्याही बऱ्या रक्तपेढीत काही मिनिटांत करता येते.

‘एच’ म्हणजे नेमके काय

मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचे नाव या टिपणावर असण्याला अर्थ आहे, कारण रक्तगटांचे प्रतिजन रासायनिकदृष्ट्या काय असतात याचा उलगडा पुढे मोठ्या प्रमाणात त्यांनीच केला. हे प्रतिजन म्हणजे पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावणाऱ्या शर्करांच्या साखळ्या होत. साखळीच्या टोकाला असलेल्या गॅलॅक्टोजवर फ्युकोज नावाची एक शर्करा बसवली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो. ज्याच्याकडे ‘ए’ जनुक आहे त्याच्या पेशीतील विकर (एन्झाइम) याच जागी आणखी एक एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामाइन जोडते आणि ‘एच’चा ‘ए’ होतो. ‘बी’ जनुकाचे विकर गॅलॅक्टोज जोडते आणि ‘एच’चा ‘बी’ होतो. ‘ओ’ जनुकाकडून कामाचे विकर तयारच होत नाही, त्यामुळे ‘ओ’ गटाच्या पेशीवर ‘एच’ आहे तसाच राहतो. ‘ए’ आणि ‘बी’ ज्या खुंटीवर टांगले जातात ती खुंटी म्हणजे ‘एच’, आणि ‘ओ’ गटात खुंट्या रिकाम्या असतात.

याचा एक परिणाम असा की ‘एच’चे प्रमाण प्रत्येक गटात वेगवेगळे असते. ‘ओ’ गटात ते सर्वाधिक असते, तर ‘ए-वन’ (‘ए’चा एक उपगट) आणि ‘ए-वन-बी’ गटांत बहुतेक ‘एच’ वापरला गेल्याने सर्वांत कमी. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. एका ‘ए-वन’ पेशीवर ‘ए’ प्रतिजनाच्या सुमारे दहा लाख जागा असतात आणि त्यांच्या आगेमागे न बदललेला ‘एच’ थोडा का होईना शिल्लक राहतोच. साहजिकच त्या माणसाची प्रतिकारसंस्था ‘एच’ला आपला मानते.

मुंबईच्या तिघांत फ्युकोज बसवणारे विकरच नव्हते. साखळी होती, पण ‘एच’ नव्हता, आणि ‘एच’ नसल्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’ची विकरे असली तरी त्यांना काम करायला जागा नव्हती. म्हणून त्यांच्या पेशी ‘ओ’सारख्या दिसत होत्या. खरे पाहता त्या ‘ओ’च्याही एक पायरी अलीकडच्या होत्या.

प्रतिपिंडे आली कुठून

येथे वाचकाच्या मनात येणारा प्रश्न रास्त आहे. या माणसांनी आधी कधी परके रक्त घेतलेले नसेल, तर ‘एच’विरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्यात तयार कशी झाली? लस किंवा संसर्ग यांच्या संदर्भात आपण जे शिकतो, त्यात प्रतिजन आधी येतो आणि प्रतिपिंड नंतर. येथे तो आधी येऊन गेलेला असतो, फक्त रक्तातून आलेला नसतो. मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या आवरणावर ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’शी मिळत्याजुळत्या शर्करा असतात. बाळाच्या आतड्यात जन्मानंतर जीवाणू स्थिरावले की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनू लागतात आणि साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयापासून ती सीरममध्ये दिसू लागतात. नवजात बाळाच्या बाबतीत रिव्हर्स ग्रुपिंगवर भिस्त ठेवत नाहीत ती याच कारणाने.

मात्र प्रत्येक बाळात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे का बनत नाहीत, याचे उत्तर अस्थिमज्जेत आहे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी घडताना जनुकांच्या तुकड्यांची सरमिसळ अक्षरशः यदृच्छेने होते, त्यामुळे कोणत्याही आकाराला चिकटू शकणारे ग्राहक (रिसेप्टर) त्यांच्या अंगावर येऊ शकतात आणि त्यांत शरीराच्या स्वतःच्या पदार्थांना चिकटणारेही असतात. अशा स्वतःला ओळखणाऱ्या बी-पेशींचा काटा मज्जेतच काढला जातो. काही मरतात, काहींचा ग्राहक बदलला जातो, काही निष्क्रिय होतात. ज्याच्या अंगभर ‘एच’ पसरलेला आहे, त्याच्या शरीरात ‘एच’ ओळखणाऱ्या बी-पेशी या चाळणीतून सुटत नाहीत. बॉम्बे गटाच्या माणसात चाळणीच्या वेळी ‘एच’ समोर येतच नाही, त्या बी-पेशी सहीसलामत बाहेर पडतात, आणि आतड्यातील जीवाणूंशी गाठ पडली की कामाला लागतात. थोडक्यात, आपल्याकडे काय नाही यावरून आपण काय परके मानणार हे ठरते. ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ तिन्ही नसल्यामुळे त्यांच्या सीरममध्ये ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ अशा तिघांविरुद्ध प्रतिपिंडे असतात.

ही प्रतिपिंडे मुख्यतः आयजी-एम जातीची असतात, कारण शर्करांविरुद्धची प्रतिक्रिया टी-पेशींच्या (बी-पेशींना मदत करणाऱ्या प्रतिकारपेशींच्या) फारशा मदतीशिवाय घडते आणि त्यामुळे आयजी-जीकडे होणारे स्थित्यंतर मर्यादित राहते. आयजी-एमचा रेणू पाच एककांचा मिळून बनतो, त्याला दहा पकडी असतात आणि त्याचे रेणुभार सुमारे नऊ लाख डाल्टन असते. आयजी-जीला दोन पकडी आणि सुमारे दीड लाख डाल्टन. एवढ्या मोठ्या रेणूची एक बाजू एका पेशीला आणि दुसरी बाजू शेजारच्या पेशीला सहज पोहोचते, आणि म्हणूनच नळीत तो घट्ट लाल गोळा दिसतो.

इतर लोकांतही कधीकधी ‘एच’ला चिकटणारी क्षीण, थंडीतच काम करणारी प्रतिपिंडे सापडतात, विशेषतः ‘ए-वन’ आणि ‘ए-वन-बी’ गटांत, आणि ती निरुपद्रवी असतात. बॉम्बे गटातील प्रतिपिंडे तशी नसतात. ती 37 अंशांनाही तितक्याच जोमाने काम करतात.

रक्त चढवले असते तर

या रुग्णांना ‘ओ’ गटाची पिशवी लावली असती तर काय झाले असते, याचा अंदाज यंत्रणेवरूनच बांधता येतो. दात्याच्या प्रत्येक पेशीवर ‘एच’चा भरघोस साठा असतो. रुग्णाच्या रक्तातील आयजी-एम त्यावर बसले की त्याचा आकार बदलतो आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनसाखळीतील पहिला घटक त्याला चिकटतो. आयजी-जीच्या बाबतीत याकरिता अनेक रेणू जवळजवळ असावे लागतात. आयजी-एमचा एकच रेणू पुरतो. तेथून एकामागून एक प्रथिने सक्रिय होत जाऊन शेवटी पेशीच्या आवरणाला भोके पडतात आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. सुटे हिमोग्लोबिन लघवीतून गडद रंगाने बाहेर पडते, रक्तदाब कोसळतो, कंबरेत कळा येतात, थंडी वाजून ताप भरतो, मूत्रपिंडे बंद पडू शकतात आणि रक्त गोठण्याची सारी व्यवस्था बिघडू शकते. पूर्ण पिशवी जाण्याचीही गरज नसते.

म्हणूनच क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे सीरम आणि त्याला द्यायच्या नेमक्या पिशवीतील पेशी यांची प्रत्यक्ष गाठ घालून पाहणे, ही या गोष्टीतली निर्णायक पायरी ठरली. 1952 साली रुग्णांना वाचवले ते या परीक्षेने. खरा धोका आहे तो ती वगळली जाते तेव्हा. अत्यवस्थ जखमी आला, वेळ नाही, तर ‘ओ’ निगेटिव्ह रक्त न जुळवता लावणे हा सर्वत्र मान्य असलेला रिवाज आहे आणि त्यामुळे वाचणारे जीव अगणित आहेत. पण बॉम्बे गटाच्या माणसासाठी हीच पिशवी सर्वांत वाईट, कारण तीत ‘एच’ सर्वांत जास्त असतो. शाळेच्या पुस्तकांत ‘ओ’ गटाला ‘सर्वयोग्य दाता’ म्हटलेले असते. ‘ए’ आणि ‘बी’पुरते पाहिले तर ते बरोबर आहे. बॉम्बे गटाच्या पेशींवर मात्र ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ यांपैकी काहीच नसल्याने, निव्वळ या एका व्यवस्थेच्या हिशेबाने, त्या ‘ओ’पेक्षाही अधिक लोकांना चालतील. अर्थात इतके मोलाचे रक्त दुसऱ्या गटाच्या रुग्णावर खर्च करण्याचा विचार कोणीही शहाणा माणूस करणार नाही.

घराण्यात उतरणारी गोष्ट

‘ए’, ‘बी’, ‘ओ’ ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते आणि ‘एच’ बनवणारे जनुक, म्हणजे एफयूटी-वन, एकोणिसाव्या गुणसूत्रावर. दोन्ही स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात. बॉम्बे गट दिसण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेले एफयूटी-वन यावे लागते; एकाकडून चांगले आले की पुरेसा ‘एच’ तयार होतो. भारतात आढळणाऱ्या बॉम्बे गटात बहुतेक वेळा या जनुकातील 725 व्या स्थानी एका अक्षराचा बदल असतो आणि त्याच्या जोडीला लाळ, दूध यांसारख्या स्रावांत ‘एच’ बनवणारे एफयूटी-टू हे शेजारचे जनुक पूर्ण गहाळ असते. त्यामुळे या माणसांच्या पेशींवर ‘एच’ नसतो आणि लाळेतही नसतो. रियुनियन बेटावर हाच गट वेगळ्या बदलातून उद्भवलेला आढळला आहे. ज्यांच्या पेशींवर ‘एच’ नाही पण लाळेत आहे, अशा माणसांना पॅरा-बॉम्बे म्हणतात आणि त्यांची ‘एच’विरोधी प्रतिपिंडे सहसा क्षीण असतात.

एफयूटी-वनच्या या बिघाडातून कसलाही आजार होत नाही. जगणे, वाढणे, मुले होणे या कशावरही त्याचा परिणाम दिसत नाही, आणि रक्ताची गरज पडेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मात्र ज्या अतिदुर्मिळ विकारात पेशीला फ्युकोज हाताळणेच जमत नाही, त्यात बॉम्बे गटाबरोबर पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही आणि मुलांना वारंवार संसर्ग होतो. तो निराळा विकार आहे. बॉम्बे गटाच्या निरोगी माणसाने त्याचा धसका घेण्याचे कारण नाही.

अधिक नाजूक प्रश्न पितृत्वाचा आहे. ज्याचा गट ‘ओ’ म्हणून नोंदला गेला आहे अशा बॉम्बे गटाच्या माणसाकडे ‘बी’ जनुक दडलेले असू शकते, आणि ते मुलाला मिळाले व जोडीदाराकडून चांगले ‘एच’ जनुक आले, तर मुलाच्या पेशींवर ‘बी’ उघड दिसू लागतो. कागदावर मग आई ‘ए’, बाप ‘ओ’ आणि मूल ‘बी’ असे अशक्य वाटणारे त्रिकूट तयार होते. फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 1955 साली नेमका असाच एका कुटुंबातला प्रकार प्रसिद्ध केला, त्यात आईचे ‘बी’ जनुक झाकले गेले होते पण पुढच्या पिढीत उमटले. रक्तगटाच्या कार्डावरून कोणाच्याही चारित्र्याबद्दल निष्कर्ष काढणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवण्यासारखे आहे.

भाटिया आणि साठे यांच्या 1974 सालच्या अभ्यासात मुंबईत या गटाचे प्रमाण साधारण 7,600 माणसांमागे एक असे आढळले. भारतासाठी ढोबळमानाने 10,000 मागे एक असे सांगितले जाते, तर युरोपात ते दहा लाखांत एक इतके कमी आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतात तो अधिक दिसण्याचे कारण लग्नपद्धतीत आहे. जातीअंतर्गत विवाह आणि दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात पूर्वापार चालत आलेली आते-मामे भावंडांची लग्ने यांमुळे एकाच पूर्वजाकडून आलेले बिघडलेले जनुक दोन्ही बाजूंनी मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते.

आज असा रुग्ण आला तर

1957 साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. तेच पुढे वाढत जाऊन आज केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिकार रक्तशास्त्र संस्था म्हणून काम करते आणि शंका आलेल्या नमुन्यांची खातरजमा तेथे होते. निदान पक्के झाले की उपचारांचे मार्ग मोजकेच असतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवता येते. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह आणि एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणारे संप्रेरक) देऊन ते वाढवता येते. दात्याचे रक्त हवेच असेल तर ते बॉम्बे गटाचेच लागते, आणि ते पुन्हा आरएच घटकाच्या दृष्टीने जुळावे लागते. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या पेशींची मुदत 35 किंवा 42 दिवसांची असते, त्यामुळे मोठा साठा करून ठेवणे व्यवहार्य ठरत नाही. ग्लिसरॉल घालून उणे 65 अंशांखाली गोठवले तर ते वर्षानुवर्षे टिकते, पण ती सोय थोड्या ठिकाणी आहे आणि वितळवून धुण्यात वेळ जातो. म्हणून प्रत्यक्षात नोंदणी झालेल्या दात्यांच्या यादीवर आणि त्यांच्या प्रवास करण्याच्या तयारीवर सगळी भिस्त राहते.

नवा रुग्ण सापडला की सर्वांत आधी त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासावे. आईवडील दोघेही वाहक (एक बिघडलेले आणि एक चांगले जनुक असलेले) असतील तर प्रत्येक भावंड बॉम्बे गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे सर्वसाधारण लोकांतील शक्यतेच्या जवळपास अडीच हजारपट. भावंडांनंतर आते-मामे आणि चुलत भावंडे. स्वतःच्या मुलांची तपासणी करायला हरकत नाही, पण जोडीदार वाहक नसेल तर त्यांच्यातले एकही बॉम्बे गटाचे निघणार नाही आणि आईवडिलांपैकी ज्याला रक्त हवे आहे त्याला मुलांचे रक्त चालणार नाही, हे त्या घरातील लोकांना आधीच स्पष्ट सांगून ठेवलेले बरे, कारण अशा वेळी बाही वर करून सर्वांत पुढे उभी राहतात ती मुलेच.